खालचा आवाज

ओझुर्गेतीच्या बाहेर, चहाचे मळे जिथे
आता नुसतं नेच्यांचं रान होऊन पडलेत,
तिथल्या जुन्या कामगार-दवाखान्यात
मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते.
सोबत चोंगुरी, चार तारांची,
आणि एक तक्ता : नाव, गाणं, मिनिटं, प्रतिसाद.

एर्मिले. वय एक्क्याऐंशी.
चाळीस वर्षं चहाच्या पाट्यांचं वजन केलेला माणूस.
आता हातात चमचा दिला
तर तोलून बघतो, तोंडाशी नेत नाही.
त्याच्या तरुणपणातली म्हणून
बावीस गाणी ऐकवली मी त्याला.
तक्त्यात बावीस वेळा लिहिलं : नाही.

तेविसावं लावायच्या आधी
मी हेडफोनच्या वायरची गाठ सोडवत होते,
गाणंबिणं काही चालू नव्हतं,
आणि तो गायला लागला.
गायला, म्हणजे काय म्हणावं?
विहिरीत दोर सोडावा तसं काहीतरी.
खाली, अजून खाली, मग एकदम आडवं,
मग थांबला.
मग भलत्याच ठिकाणाहून पुन्हा.
कुठल्याच गाण्याशी ते जुळेना.
मी लिहिलं : चाल ओळखता येत नाही.
अडखळतो. चार वेळा विसरला.

रविवारी मी मुद्दाम गेले. त्याची लेक येणार होती,
नाझीब्रोला, बातुमीहून,
मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन शेअरच्या व्हॅनने.
तिला रेकॉर्डिंग लावून दिलं.
कोट न काढताच ऐकत राहिली,
मग म्हणाली, ‘विसरला नाहीये.
तिथे काका आहे.’

पार्मेनकाका. वरचा आवाज त्याचा,
गाणं उचलायचा तो.
मधला शेजारच्या वालिकोचा.
बाबाचा कायम खालचा.
खालच्याला एकट्याची अशी चाल नसते म्हणे,
वरच्या दोघांचं वजन घ्यायचं, एवढंच.
पार्मेनला पुरून वीस वर्षं झाली,
वालिको त्याच्याही आधी गेला,
आणि हा अजून
त्यांची पाळी आली की गप्प बसतो.

मी स्टॉपवॉच लावलं. माझं कामच आहे ते.
चारही जागा, तिन्ही दिवस, तेवढेच सेकंद.
काटेकोर.

‘अडखळतो’ खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते सुचेना,
म्हणून तो रकाना अजून कोराच आहे.

बायका त्या मेजाशी गात नसत.
नाझीब्रोला आत असायची,
मक्याच्या पिठात मनगटापर्यंत,
आणि ऐकून ऐकून काकाचा आवाज
तिला सगळा पाठ झालेला.
तोंडाबाहेर कधी काढला नव्हता.
अठ्ठावन्नाव्या वर्षी काढला.
आधी चिरकला. मग लागला.

बाबाने मान वर केली नाही.
फक्त तळहात टेबलावर पालथा घातला,
हलणारा काटा थांबवावा तसा,
आणि म्हणाला, ‘पार्मेन, उशीर केलास.’
ती म्हणाली, ‘गाडी नव्हती,’
आणि पुढची ओळ उचलली.

मला ती दर वेळी जिन्यात विचारते,
कधी नावाने हाक मारेल का?
मी नाही म्हणते.
मधला आवाज आम्हाला अजून मिळालेला नाही.
मी करून पाहिला,
पण माझं तिबिलिसीतलं शिक्षण आडवं येतं,
फार सरळ गाते मी.

त्सियाला मात्र, रात्रपाळीची सिस्टर,
जिला सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही,
तिने एक शोधून काढलंय :
सूप समोर आलं की हा गुणगुणतो,
आणि पार्मेनच्या जागेशी थांबला
की तोंड उघडंच राहतं.
तेवढ्यात एक चमचा मावतो.
वालिकोच्या जागेत दोन.